जे कागदावर होतं, तेवढंच परत आलं

पोस्ट लांब आहे, पण आपल्या गावाच्या कामाची आहे. सवडीने वाचा.

मागच्या आठवड्यात स्टँडवर चहा घेत होतो. शेजारी गावातलाच एक पोरगा मोबाइलवर भरतीची जाहिरात वाचत बसला होता. खाली समांतर आरक्षणाचा तक्ता होता. महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त आणि एका रकान्यात 'भूकंपग्रस्त'. त्याने विचारलं, "काका, हे भूकंपग्रस्त म्हणजे कुठले? आपल्याकडे आहेत का कोणी?" मी म्हटलं, "किल्लारीचे, लातूरकडचे. १९९३ ला मोठा भूकंप झाला होता." तो "बरं" म्हणाला आणि पुढचा रकाना वाचायला लागला.

त्याचा काही दोष नाही. तो तेव्हा जन्मलाही नव्हता. पण घरी आल्यावर मला वाटत राहिलं की हे उत्तर पुरेसं नाही. आपल्याला किल्लारी म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, मेलेल्यांचा आकडा आणि मदतीचे ट्रक. त्यानंतर तिथली माणसं कशी राहिली, गाव परत कसं बसलं, त्यात काय हरवलं, हे आपण कधी विचारलंच नाही. आणि त्यात आपल्या पहूरने शिकण्यासारखी एक गोष्ट आहे, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

आधी त्या रात्रीचं सांगतो. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपती विसर्जन झालं. मिरवणुकीतून दमून माणसं घरी आली, झोपली. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने हा आकडा फार मोठा नाही. पण केंद्र उथळ होतं, गावांच्या अगदी खाली होतं, आणि वेळ गाढ झोपेची होती. औसा, निलंगा, उमरगा या तालुक्यांतली गावं मिनिटभरात बसली. किल्लारी, तळणी, मंगरूळ, सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही नावं तेव्हा रोज पेपरात यायची. सरकारी आकडा ७,९२८ मृत्यूंचा आहे. दुसऱ्या नोंदींत तो १० हजारांच्या जवळ जातो. जखमी हजारोंनी. गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की दोन्हीकडच्या भिंती गल्लीतच पडल्या आणि आत शिरायला वाट राहिली नाही. सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले.

आपल्याकडे ही बातमी आधी रेडिओवर आली. मग पेपर आले. मी तेव्हा कॉलेजात होतो. पेठेतून, कसब्यातून कपडे, धान्य, भांडी गोळा झाली. गावोगाव तसंच झालं. त्या दिवसांत एकदा मी ओट्यावर बसून आजीला पेपरातले फोटो दाखवत होतो. ढिगारे, खांब उभे, भिंती गायब. आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "असं आमच्या टायमाले बी झालतं, भाऊ. होळीच्या तोंडावर. सकाळच्या पारी. उतरंडच पडली व्हती."

आजीचं माहेर रावेरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. ती तेव्हा लहान पोर होती. मी हसलो. म्हटलं, म्हातारी काहीतरी सांगते. आपल्याकडे कुठला आलाय भूकंप? मी ते कुठे लिहून ठेवलं नाही, पुढे काही विचारलं नाही. काही वर्षांनी आजी गेली.

खूप नंतर भारतातल्या जुन्या भूकंपांची यादी वाचताना एक ओळ दिसली. १४ मार्च १९३८, सातपुडा, तीव्रता ६ च्या वर. मी १९३८ ची होळी कधी होती ते काढलं. त्याच आठवड्यात. भूकंप होळीच्या तोंडावरच झाला होता. आजी खरं सांगत होती.

आता हिशोब बघा. किल्लारीच्या तोडीचा भूकंप आपल्या डोक्यावरच्या सातपुड्यात होऊन गेलेला आहे. त्याचं केंद्र जमिनीत बरंच खोल होतं, म्हणून वर तेवढी हानी झाली नाही, आपण वाचलो. पण आज जळगाव जिल्ह्यात दहा माणसांना विचारा, एकाला तरी ठाऊक आहे का? ज्यांनी तो अनुभवला ते सांगून गेले, आपण ऐकून सोडून दिलं. जे लिहिलं गेलं नाही ते दोन पिढ्यांत पुसलं गेलं.

तुम्ही म्हणाल, दख्खनचा दगड पक्का, इथे कुठला भूकंप? पूर्वी शास्त्रज्ञही साधारण असंच म्हणायचे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगर हाललं, सुमारे १८० माणसं गेली, तेव्हा पहिला हादरा त्या समजुतीला बसला. कोयनेच्या बाबतीत धरणाच्या पाण्याचा संबंध लावला गेला आणि तो बराचसा बरोबरही आहे. पण किल्लारीत तसं मोठं धरण नव्हतं. सरकारी नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, झोन एकमध्ये. भूकंप झाल्यावर नकाशा बदलला. २००२ च्या नकाशातून झोन एक काढूनच टाकला आणि किल्लारीचा परिसर झोन तीनमध्ये गेला. आपला जळगाव आणि धुळे जिल्हाही त्या नकाशात झोन तीनमध्येच आहे. म्हणजे १९९३ मध्ये किल्लारीची जी नोंद होती, त्यापेक्षा आपली नोंद जास्त धोक्याची.

त्याचं कारण आपल्या डोळ्यांसमोर आहे. तापी बघा, कशी सरळ पश्चिमेला जाते. महाराष्ट्रातल्या बाकीच्या मोठ्या नद्या पूर्वेला जातात. तापीचं खोरं हे जमिनीतल्या मोठ्या भेगांच्या आधाराने तयार झालेलं खोरं आहे. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला आपण गरम पाण्यात आंघोळीला जातो. ते पाणी त्या भेगांमधूनच वर येतं. जानेवारी २०२३ मध्ये भुसावळ-सावदा भागात हलका धक्का बसला होता, आठवतो? दोन दिवस व्हॉट्सॲपवर चर्चा झाली, मग विसरलो. किल्लारीतही ऑक्टोबर १९९२ मध्ये, म्हणजे मोठ्या भूकंपाच्या जवळपास वर्षभर आधी, धक्के बसले होते. भांडी वाजली, माणसं घाबरून बाहेर आली, नंतर सवय झाली. मी भीती घालत नाहीये. भूकंप कधी होईल हे जगात कोणीच सांगू शकत नाही, आणि हलक्या धक्क्यानंतर मोठा येतोच असंही नाही. विसरून जाण्याची सवय मात्र तिथेही होती, इथेही आहे, एवढंच म्हणणं आहे.

किल्लारीला माणसं मेली ती कशाने? भूकंपाने कमी, घरांनी जास्त. तिथली घरं माळवदाची. आपल्याकडे ज्याला धाबं म्हणतो तेच. दोन-अडीच फूट, कुठे त्याहून जाड दगडी भिंत. पण ही भिंत एकसंध नसते. बाहेरून एक दगडांची रांग, आतून एक, आणि मधे खडी-मातीची भर. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारा आरपार जोडदगड बहुतेक ठिकाणी नव्हता. त्यामुळे हादरा बसल्यावर भिंतीची दोन फाकं झाली. डोक्यावर फूट-दीड फूट मातीचं छत. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी थर वाढत गेलेला. ज्या घरांत आतल्या लाकडी खांबांचा सांगाडा चांगला जोडलेला होता, तिथे बऱ्याच ठिकाणी सांगाडा उभा राहिला आणि भिंतीच तेवढ्या ढासळल्या. पेपरातल्या फोटोत 'खांब उभे, भिंती गायब' दिसत होतं ते त्यामुळेच.

म्हणजे बापजाद्यांचं घर वाईट नव्हतं. त्याची जुनी पद्धत आपण अर्धवट सोडली, दगड स्वस्तात रचले, मातीचे थर चढवत गेलो, आणि ते घर जीवघेणं झालं. आता पेठेतली आणि कसब्यातली जुनी धाबी आठवा. दर वर्षी मृगाआधी आपणही वर खारी टाकतो. जुना थर खरवडून टाकतो का? बहुतेक नाही.

भूकंपानंतरच्या किल्लारीकडे वळतो. सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. १९९८ पर्यंत तो चालला. ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी बसवायची ठरली. तोवर लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. उन्हाळ्यात भट्टी, पावसात आवाज. देशभरातून संस्था आल्या, वर्तमानपत्रांनी वाचकांकडून पैसे जमवले. केरळच्या मल्याळ मनोरमा या वर्तमानपत्राने बाणेगाव बांधून दिलं आणि त्याचा आराखडा लॉरी बेकर यांनी केला. पेपर वाचणाऱ्या मल्याळी माणसांच्या पैशांतून मराठवाड्यात एक गाव उभं राहिलं. पुण्याला शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलं शिकायला नेली. ती मुलं आज चाळिशीच्या पुढे असतील. हे सगळं मोठं काम होतं, त्याला नावं ठेवायची माझी लायकी नाही.

प्रश्न असा होता की कोणाला किती घर द्यायचं? गाव ढिगाऱ्याखाली. कोणाचा वाडा होता, कोणाची झोपडी होती, कोणाच्या घरात चार बिऱ्हाडं होती, हे कसं ठरवायचं? तेव्हा शेतजमिनीचा आधार घेतला गेला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फुटांचं घर. एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट. सात हेक्टरच्या वर ७५० चौरस फूट.

असं का? माझ्या समजुतीप्रमाणे साधं कारण आहे. शेतजमिनीची नोंद होती. सातबारा तालुक्याला, जिल्ह्याला होता. निजामाच्या काळापासून शेतीची मोजणी झालेली, कारण शेतसारा वसूल करायचा होता. गावठाणाच्या आतला घराघराचा नकाशा मात्र बहुतेक खेड्यांत नव्हताच. ग्रामपंचायतीत नमुना आठ असतो, त्यात घराला नंबर, मालकाचं नाव, घरपट्टी. पण घर कुठल्या गल्लीत, कोणाच्या भिंतीला लागून, अंगण किती, विहिरीवर हक्क कोणाकोणाचा, बोळातून वहिवाट कोणाची, हे त्यात कळत नाही. ते माणसांच्या डोक्यात असतं. आणि त्यातली कितीतरी डोकी त्या रात्री ढिगाऱ्याखाली गेली.

म्हणजे जे कागदावर होतं, त्याच्या आधाराने परत मिळालं. जे कागदावर नव्हतं, ते मिळालं नाही.

आपल्याच गावाला हे लावून बघा. दोन एकरवाला सुतार, ज्याचं घर छोटं पण दारासमोर कामाचा मोठा पडवीवजा मांडव. तो एक हेक्टरच्या आत, त्याला २५० चौरस फूट. मांडवाची नोंद कुठे? चार भावांचं एकत्र कुटुंब, सातबारा थोरल्याच्या नावावर. बाकी तिघांनी काय दाखवायचं? नवरा गेलेली बाई, दिराच्या घराच्या मागच्या खोलीत राहणारी. तिची खोली कोणत्या कागदावर? जमीन नसलेला पण चार म्हशी बांधणारा. गोठा कुठे लिहिलाय? हे मी आपल्या गल्लीत डोळे फिरवून सांगतोय. कोणत्याही खेड्यात असली घरं निघतील.

काही वर्षांपूर्वी उमरग्याकडे एका लग्नाला गेलो होतो. परतताना वाट वाकडी करून किल्लारीला थांबलो. नवं गाव सरळ रस्त्यांचं, चौकोनी प्लॉटचं. रस्ते रुंद, हवा मोकळी, शाळा आहे, झाडं वाढली आहेत. भूकंपाच्या दृष्टीने हे बरोबरच, कारण घर पडलं तरी गल्ली बुजणार नाही. पण जुन्या गावापेक्षा नवी गावं कितीतरी पटीने पसरली. पसरली म्हणजे पाण्याची पाइपलाइन लांब, दिव्यांचे खांब जास्त, गटारं जास्त, आणि ती सांभाळायची त्याच ग्रामपंचायतीने, तेवढ्याच घरपट्टीत. म्हातारीला ओट्यावरून हाक मारली की शेजारीण यायची, ती आता रस्ता ओलांडून पलीकडे.

चहाच्या टपरीवर एक गृहस्थ भेटले. माझ्याहून मोठे. मी खान्देशातून आलोय म्हटल्यावर म्हणाले, तुमच्याकडून केळी आली होती तेव्हा. जुन्या गावाचा विषय निघाला. त्यांनी माझ्या हातातला पेपर घेतला, पेन मागितलं आणि कडेच्या कोऱ्या जागेत रेघा मारायला लागले. ही वेस. हा पार. इथून बोळ. इथे आमचं घर, मागे चुलत्याचं. इथे शिंप्याचं दुकान. बोलता बोलता एका घराशी पेन थांबलं. दोन घरांच्या मधे अजून एक घर होतं, पण कोणाचं ते त्यांना आठवेना. त्यांनी टपरीवाल्याला विचारलं. टपरीवाला भूकंपानंतरचा जन्म, त्याला काय माहीत? ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसले. मग म्हणाले, "आठवलं की सांगतो." माझी गाडी निघायची होती. तो पेपर मी जपून आणला, अजून माझ्याकडे आहे. त्यात ते एक घर रिकामंच आहे.

जुन्या गावाच्या जागेवर आता बाभळी आहेत, ढिगारे आहेत, स्मारक आहे. दर ३० सप्टेंबरला तिथे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो. गेलेल्यांचा आकडा आपल्याला पाठ आहे, पण त्यांच्या गल्ल्यांचा नकाशा त्या गृहस्थांसारख्या चार-दोन माणसांच्या आठवणीत आहे, आणि तिथूनही तो निसटत चाललाय.

तिथे लिहिणारे नव्हते असं नाही. लातूरचे अतुल देऊळगावकर यांनी भूकंपावर आणि पुनर्वसनावर वर्षानुवर्षं लिहिलं. 'डळमळले भूमंडळ' हे त्यांचं पुस्तक मिळालं तर वाचा. लॉरी बेकर यांचं चरित्रही त्यांनीच लिहिलंय. जिथे राहायचं तिथलंच लिहायचं, आणि बातमी जुनी झाल्यावरही लिहीत राहायचं, हे सोपं काम नाही. बाहेरचे पत्रकार महिन्याभरात परत गेले. भूकंपग्रस्त भागात राहून लिहिणाऱ्याला मात्र प्रत्येक वाक्य शेजाऱ्याच्या दुःखाला लागून लिहावं लागतं. तरी एक माणूस किती गावं लिहिणार? आपापलं गाव आपणच लिहायला हवं.

तिथल्या बायकांनी केलेलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. जी गावं हलवली नाहीत, तिथे जुनीच घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. अशी घरं लाखांच्या संख्येत. सरकारी माणूस प्रत्येक दारात कसा पोचणार? प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून तयार केलं. हजाराहून जास्त गावांत हे काम झालं. या बायका घरोघर जायच्या, योजना समजावून सांगायच्या, बांधकाम नीट होतंय का बघायच्या, अडचणी लिहून घेऊन बैठकीत मांडायच्या. ज्यांनी कधी ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं, त्या वही घेऊन ग्रामसभेत बसायला लागल्या.

त्या दुरुस्तीत काय केलं, ते आपल्यालाही उपयोगाचं आहे. छतावरची जादा माती काढून वजन कमी केलं. भिंतीला ठराविक अंतरावर भोकं पाडून आरपार जोड घातले. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके लाकडी आधार ठोकले. चारी भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा दिला. यातलं काहीही रॉकेट सायन्स नाही. गावातला चांगला गवंडी आणि सुतार करू शकतो. तुमचं धाब्याचं घर असेल तर या उन्हाळ्यात दोन गोष्टी बघा. भिंतीला पोट आलंय का, आणि धाब्यावर मातीचा थर किती चढलाय. नवीन खारी टाकायच्या आधी जुनी खरवडून काढा. आणि स्लॅबचं घर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. इंजिनिअरला न विचारता खालच्या दुकानासाठी भिंती काढून वर दोन मजले चढवलेली घरं आपल्या रोडवरही उभी राहिलीत.

हे झालं घराचं. गाव वाचवायचं तर आणखी एक काम आहे, लिहिण्याचं.

एप्रिल २०२० पासून केंद्राची स्वामित्व योजना सुरू आहे. ड्रोनने गावठाणाची मोजणी होते आणि घराच्या जागेचं मालमत्ता पत्रक मिळतं. किल्लारीच्या वेळी जो कागद नव्हता, तो हा. म्हणून माझी विनंती आहे. मोजणीची नोटीस लागली की 'बघू नंतर' म्हणू नका. तिथे हजर राहा. सामायिक भिंत, बोळ, वहिवाट, अंगण बरोबर दाखवलंय का बघा. भावाभावांत जे वाटप तोंडी झालंय ते कागदावर आणा. आईचं, बायकोचं नाव नमुना आठला आहे का ते तपासा. पैशांसाठी नाही. उद्या कुठलंही संकट आलं, भूकंप असो, वाघूरचा पूर असो नाहीतर आग, विचारणारा माणूस कागदच विचारणार आहे.

पण सरकारी कागदात गाव मावत नाही. ड्रोनला छत दिसतं, छताखालचं दिसत नाही. आपलं उदाहरण जवळच आहे. पीजे बंद झाली. पाचोरा-जामनेरची ती छोटी गाडी पहूरवरून जायची तेव्हा गावाचं घड्याळ तिच्यावर चालायचं. ती कधी यायची, तिच्यातून कोण कोण बाजाराला जायचं, स्टेशनवर काय विकलं जायचं, हे आपल्यातल्या कोणी लिहून ठेवलंय? पटरीची नोंद रेल्वेकडे आहे. तिच्याभोवतीच्या माणसांची नोंद आपल्याकडेच राहायला हवी होती. धरणात गेलेल्या गावांचंही तसंच झालं. पुनर्वसनाच्या यादीत नाव सापडतं, गाव सापडत नाही.

म्हणून मी एक साधं काम सुरू केलंय. दोनशे पानी वही आणली. माझ्या गल्लीपासून सुरुवात केली. प्रत्येक घराला एक पान. घर कोणी बांधलं, साधारण कधी, आधी तिथे काय होतं, कोण कोण राहून गेलं, धंदा काय होता, विहीर कुठे बुजवली, लिंब कोणी लावला, कोणत्या बोळातून पूर्वी बैलगाडी जायची. शेवटी हाताने काढलेला नकाशा. वाकडातिकडा असला तरी चालेल, त्यात सगळी घरं हवीत. आतापर्यंत अकरा घरं झाली. तीन घरांबद्दल सांगणारं कोणी उरलेलं नाही, ती पानं कोरी आहेत. कोरं पानही ठेवायचं. निदान तिथे घर होतं एवढं तरी राहील.

प्रत्येक गल्लीत अशी एक वही झाली तर? पेठेत आणि कसब्यात मिळून फार फार तर चाळीस-पन्नास वह्या होतील. खर्च काहीच नाही. शाळेतल्या पोरांना सुट्टीत काम, म्हाताऱ्यांना ऐकणारं माणूस. वह्यांचे फोटो काढून दोन-तीन जणांकडे, आणि एक प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवायची. सगळ्या प्रती एकाच कपाटात ठेवल्या तर कपाटाबरोबर जातील, हेही किल्लारीनेच शिकवलं.

३० सप्टेंबरला आपल्या ग्रुपवर दर वर्षी 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फोटो फिरतात. या वर्षी त्या दिवशी फोटो नका टाकू. त्यापेक्षा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि ते जे सांगतील ते लिहून घ्या. खोटं वाटलं तरी लिहा, हसू नका. खरं की खोटं ते नंतर तपासता येतं. मी १९९३ मध्ये हसलो होतो. आजी आणखी काय सांगणार होती, हे आता मला कधीच कळणार नाही.

त्या पोराला मी परवा पुन्हा भेटलो. भूकंपग्रस्त म्हणजे कोण ते सावकाश सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, आमच्या गल्लीची वही मी करू का?" म्हटलं, "करच. पण आधी तुझ्या आजोबांकडे जा. त्यांना आता कमी ऐकू येतं, जरा मोठ्याने विचार."

ज्यांना आपापल्या गल्लीची वही करायची असेल त्यांनी खाली गल्लीचं नाव लिहा. आणि १९३८ च्या भूकंपाबद्दल घरात कोणी काही सांगितलेलं आठवत असेल, एक ओळ असली तरी, तीही लिहा.